पहाटेचं गरम पाणी

शनिवारी संध्याकाळी अमरावतीहून अकोल्याला घरी पोचले, की या आठवड्यात घरात काय बिघडलं ते मला शोधून काढावं लागतं. कोणी आपणहून सांगत नाही. फ्रिजखाली जुना टॉवेल पसरलेला दिसला की समजायचं, पाणी गळतंय. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी दिसली की समजायचं, पंखा आता एकाच वेगात फिरतो. विचारलं तर आई म्हणते, "काही नाही, चालतंय." बाबा म्हणतात, "तू आत्ताच आलीस, आधी चहा घे." मग मी चहा घेते. बसमध्ये पाय आखडलेले असतात, ऑफिसचा आठवडा डोक्यातून उतरलेला नसतो, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही काही शोधायचं नसतं.

आम्ही तिघंही कमी बोलतो. बाबा सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. आई बालवाडीत शिकवायची, हातांनी साथ दिली तोवर. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं आणि घरात एक नियम केला: माझ्याशी शुद्ध मराठीतच बोलायचं. आपसात ते वऱ्हाडी बोलत राहिले. त्यामुळे माझ्या वाट्याला येणारं बोलणं नेहमी नीट धुऊन, घडी करून आलेलं असायचं, आणि मनातलं बोलणं बाजूच्या खोलीत चालायचं. वऱ्हाडी मला सगळी समजते. माझ्या तोंडून मात्र ती कोणाची तरी नक्कल केल्यासारखी निघते, म्हणून मी ती बोलत नाही.

आईला संधिवात आहे. वयानुसार गुडघे दुखतात तो नव्हे. बोटांचे सांधे सुजवून त्यांना हळूहळू वाकडं करणारा. सकाळी ती उठते तेव्हा तिच्या दोन्ही मुठी मिटलेल्या असतात आणि उघडत नाहीत. गरम पाण्यात हात बुडवून ठेवले की थोड्या वेळानं बोटं सुटतात, एकेक करून. एकदा ती सुटली की मग आई वेणी घालते, ब्लाऊजचे हूक लावते, कणीक मळते, सगळं करते. ते पाणी मिळालं नाही तर दुपारपर्यंत तिला साधा चमचा धरता येत नाही. तिची आंघोळ अर्थातच वेळखाऊ झाली आहे. मध्ये एकदा बाबांनी सुचवलं होतं, मदतीला एखादी बाई लावू. तेव्हा ती स्वयंपाकघरात आत्याला म्हणाली, "माहं आंग मीच धुईन. दुसऱ्याच्या हातानं आंग धुवायची पाळी नको येऊ देऊ, एवढंच मागते मी." मी बाजूच्या खोलीत होते. मला ते ऐकू आलं हे तिला माहीत नव्हतं, आणि मी कधी कळू दिलं नाही.

आंघोळीचं पाणी सोलरचं. घर बांधून झालं त्याच वर्षी बाबांनी गच्चीवर सोलर बसवून घेतलं. आमच्या गल्लीतलं ते पहिलं. काचेच्या काळ्या नळ्या आणि वर आडवी पांढरी टाकी. रविवारी विहारातून आले की बाबा गच्चीवर जातात आणि त्या नळ्या ओल्या फडक्यानं पुसतात. दुसऱ्या कोणाला पुसू देत नाहीत, कारण दुसरा माणूस नळी कशी धरेल याचा भरवसा नाही म्हणतात.

घरात आंघोळीचा क्रम ठरलेला. आधी बाबा, मग आई, मी असले तर शेवटी मी. मागच्या हिवाळ्यात रविवारी मी न्हाणीत गेले की पाणी गार यायचं. मला वाटायचं, दोघांच्या आंघोळीत संपलं असेल. मी तर आठवड्यातून दोन दिवसांची पाहुणी. मी दात आवळून पटकन उरकून घ्यायची आणि बाहेर आल्यावर काही बोलायची नाही.

हे असंच किती दिवस चाललं असतं कोण जाणे, पण एका रविवारी आत्या आमच्याकडे आंघोळीला आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, पलीकडच्या गल्लीत राहते. तिच्याकडची पाण्याची मोटर जळाली होती. ती टॉवेल खांद्यावर टाकून आली, मला म्हणाली, "काय व कॉन्व्हेंटची मैना, कवा आली?" आणि न्हाणीत शिरली. दार लावल्यावर दोनच मिनिटांत आतून अशी ओरडली की बाबा वर्तमानपत्र टाकून उभे राहिले.

"अरे बाप्पा! बर्फ सोडला काय नळाले?"

ती तशीच कोरडी बाहेर आली. "काहून रे," ती बाबांना म्हणाली, "बहिणीले मारतं काय?"

"मले तं कडक लागते पाणी," बाबा म्हणाले.

"कवा लागलं कडक? सांग."

बाबांनी खाली पडलेलं वर्तमानपत्र उचललं. आत्या आईकडे वळली. "तू सांग व. तुले कसं लागते?"

"ठीक असते," आई म्हणाली. "कोमट असते."

"हे कोमट हाय? अन् मैना, तुले?"

"मला वाटलं, तुम्ही... म्हणजे यांनी आधी वापरलं, म्हणून माझ्या वेळेला संपतं," मी म्हणाले.

मग आत्यानं एकेकाला उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं आणि सगळं बाहेर आलं. दिवाळीच्या सुमाराला पाणी गार येऊ लागलं तेव्हा बाबांना वाटलं, टाकीत थोडंच गरम पाणी उरतंय. ते आईला मिळावं म्हणून त्यांनी गरमाचा नळ उघडणंच सोडून दिलं होतं. रोज पहिला नंबर लावून, थंड्या पाण्यानं आंघोळ करून ते बाहेर येत आणि आईला ऐकू जाईल असं म्हणत, "पाणी मस्त आहे." आई आत जाई, गरमाचा नळ उघडी, तर पाणी गार. तिला वाटे, यांची कंबर दुखते, यांनी जास्त घेतलं असेल, घेऊ द्या. ती बोलत नसे. मग सकाळी तिच्या मुठी कशानं सुटत होत्या, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. आणि तिसरी मी.

"माय व!" आत्या डोक्याला हात लावून म्हणाली. "एका घरात राहता का तीन घरात? तिघंबी उपाशी, अन् प्रत्येकाले वाटते दुसरा जेवला!"

बाबांना थोडं हसू आलं. आईला नाही. ती आत जाऊन आत्यासाठी गॅसवर पाणी ठेवू लागली.

पुढच्या रविवारी सोलरवाला आला, म्हणजे सकाळी येतो म्हणाला आणि दुपारी जेवणं झाल्यावर उगवला. बोलका माणूस. गच्चीवर चढताना गल्लीतल्या दोन घरांच्या सोलरची हकिगत सांगून झाली. त्यानं एक नळी ओढून बाहेर काढली आणि आडवी केली, तर आतून पांढऱ्या खड्यांचा लोंढा निघाला, मिठाच्या पोत्यातून निघावा तसा.

"खारं पाणी हाय न काकाजी," तो बाबांना म्हणाला. "सोलर काय करन?"

आमच्या भागातलं बोरचं पाणी खारं आहे हे काही नवीन नव्हतं. नळाचं गोडं पाणी चार-पाच दिवसांनी, कधी आणखी उशिरा येतं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला पुरवायचं. बाकी सगळं बोरवर. सोलरही बोरवर. त्या पाण्यातलं मीठ आणि चुना इतकी वर्षं नळ्यांमध्ये थरावर थर बसत गेला होता. टाकीही खालून गळत होती. पांढऱ्या पत्र्यावर गंजाचा एक ओघळ होता. बाबा दर रविवारी नळ्या पुसत होते, त्यांना तो दिसला नसेल असं मला वाटत नाही.

सोलरवाल्यानं सांगितलं, नळ्या ॲसिडनं धुवून देतो, खराब झालेल्या बदलतो, टाकीला वेल्डिंग मारतो. नाहीतर हे काढून नवीन बसवा. नाहीतर सोलरचा नाद सोडा आणि न्हाणीत गीझर घ्या.

या सगळ्याची तयारी मी आठवडाभर केली होती. ऑफिसातून खोलीवर आले की फोनवर वाचत बसायची. दुरुस्ती कधी करावी, नवीन कधी घ्यावं, टाकी किती लिटरची, हीट पंप म्हणजे काय. सगळं इंग्रजीत, सगळं व्यवस्थित, आणि सगळं कुठल्यातरी गोड्या पाण्याच्या गावासाठी लिहिलेलं. शेवटी प्रत्येक ठिकाणी एकच सल्ला होता, जवळच्या प्लंबरला विचारा. तरी मी मनाशी मुद्दे लावून ठेवले होते. गच्चीवर उभं राहिल्यावर त्यातलं एवढंच तोंडून निघालं, "नवीनच घेऊ या ना, बाबा."

"याला काय झालंय?" बाबा म्हणाले. "धुतलं की होईल नीट."

आत्या खालून जिना चढून आली होती, धापा टाकत. "तुमी ग्यासचा गीझर घ्या," ती म्हणाली. "माह्या पोरीकडे हाय. नळाची चकली उघडली का पाणी उकळते."

"घेता येईन," सोलरवाला म्हणाला. "फक्त न्हाणी लहान हाय तुमची, खिडकीबी बारीक. ग्यासचा धूर कोंडतो न आत. आंग धुताना दार जरासं उघडं ठेवा लागन."

आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ती खाली निघून गेली.

"गॅसचा नको," मी म्हणाले. बाबाही म्हणाले, "नको." कारण कोणी सांगितलं नाही.

मग दुरुस्तीच ठरली. आता विचार करते तेव्हा वाटतं, दुरुस्ती निवडली कारण तिच्यात कमी बोलावं लागत होतं. नवीन घ्यायचं तर कोणाला काय हवं आहे, कधी हवं आहे, कसं हवं आहे, हे कोणीतरी विचारायला आणि कोणीतरी सांगायला हवं होतं. जुनं नीट करायचं तर नुसतं "करा" म्हणायचं. सोलरवाल्यानं नळ्या धुतल्या, त्यातल्या दोन त्याच्याच हातून फुटल्या, त्या त्यानं "पहिलेच गेलेल्या होत्या" म्हणून बदलल्या. टाकीला ठिगळ लावलं. जाताना जिन्यावरून म्हणाला, "टाकीच्या आतला ऊब धरणारा गादीसारखा थर ओला झाला हाय काकाजी. दुपारी कडक पाणी येईन. सकाळचं मी सांगत नाई." बाबा तोवर टाकीवर हात ठेवून उभे होते आणि खुशीत होते. त्यांनी "बरं, बरं" म्हटलं. मीही ऐकलं, आणि मलाही ते शेवटचं वाक्य कामगार निघताना टाकतात तसलं एक वाटलं.

त्यानंतर बाबांचा मला रोज जेवणाच्या सुट्टीत फोन येऊ लागला. याआधी ते कधी ऑफिसात फोन करत नसत. "आज पाणी असं कडक आहे, हात लावता येत नाही," ते सांगायचे. मी डबा खाता खाता "छान" म्हणायची. रविवारी ऊन चढल्यावर मी न्हाणीत जायची तेव्हा मलाही गरम पाणी मिळायचं. मला खरंच बरं वाटायचं. एक काम संपलं असं वाटायचं, आणि त्या दिवसांत मला फक्त तेवढंच हवं होतं, काहीतरी संपावं.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी पहाटे मला स्वयंपाकघरातल्या आवाजानं जाग आली. बाहेर अजून उजाडलं नव्हतं, थंडी होती. मी पांघरूण घेऊन दारापर्यंत आले. आईनं गॅसवरून पाण्याचं पातेलं उतरवलं होतं. पातेल्याच्या काठाखाली तिनं माझी एक जुनी ओढणी गुंडाळली होती, आणि तिची दोन्ही टोकं गाठ मारून मनगटांत अडकवली होती. मुठी मिटलेल्याच. वाफाळतं पातेलं दोन मनगटांमध्ये झोळीसारखं लटकत होतं आणि ती पावलं घासत घासत न्हाणीकडे चालली होती. मी हाक मारली नाही. दचकली तर सांडेल अशी भीती वाटली. ती न्हाणीच्या उंबऱ्याशी गेली, गुडघ्यावर बसली, पातेलं जमिनीला टेकवलं, आणि मग दातांनी ओढणीची गाठ सोडू लागली. तेव्हा तिला मी दिसले.

"झोप तू," ती म्हणाली. "रविवार आहे."

"नळाला गरम पाणी येत नाही का?"

"येतं." मग थांबून म्हणाली, "दुपारी."

मी खाली बसून गाठ सोडली. तिच्या डाव्या पावलावर भाजल्याचा एक डाग होता, बरा होत आलेला. मागच्या आठवड्यात फोनवर तिनं सांगितलं होतं की फोडणीचं तेल उडालं. मी विचारलं, "हे तेलाचं आहे?" पातेलं आत ओढून तिनं दार लावून घेतलं.

चहाच्या वेळी मी बाबांना म्हणाले, "सोलरचं पाणी पहाटे थंड असतं."

"मी रोज पाहतो," बाबा म्हणाले. "उकळतं असतं."

"किती वाजता पाहता?"

बाबांनी कप खाली ठेवला. गरम पाणी आईला पुरावं म्हणून आंघोळ ते अजूनही थंड पाण्यानंच करत होते. ते गच्चीवर गेले आणि बराच वेळ वरच राहिले. परत आले तेव्हा त्यांचा हात ओला होता. "खालून ओली आहे टाकी," ते म्हणाले. "त्याला परत बोलावतो. रात्रीचं पाणी धरून ठेवेल असं काहीतरी करायला सांगू. वरून कापूस गुंडाळला, ताडपत्री बांधली तर—"

"मले दुपारचं पाणी काय करायचं हाय?" आई म्हणाली.

ती हे बाबांना म्हणाली होती, वऱ्हाडीत, पण मी समोर होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि थांबली नाही.

"माही मूठ सकाळी बंद असते. तुमाले त्या सोलरचं पडलं हाय. ते गोल चकली मले फिरवता येत नाई. तळहात दाबून, कोपरानं, कसंबी करून उघडते मी. मग बंद होत नाई. तांब्या धरता येत नाई, मंग मी बालदीतच हात बुडवून बसते अन् तसंच अंगावर घेते ओंजळीनं. ओंजळबी होत नाई नीट. पाणी गरम पायजे, पण उठल्या उठल्या पायजे, अन् मले हातात काही धरावं लागू नये. एवढं हाय."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. "मंग मले सांगतलं काहून नाई?"

"तुमी सांगतलं काय मले, थंड्या पाण्यानं आंग धुता तं?"

"ते तुह्यासाठी होतं."

"माह्यासाठी होतं म्हणून तं मी काही बोलली नाई न!"

मी कप धरून बसले होते. त्यांचं असं भांडण मी पूर्वी ऐकलं होतं, पण भिंतीपलीकडून. इथे समोर बसून ऐकताना मला कुठे पाहावं कळेना. मला मध्ये काही बोलायचं नव्हतं आणि उठून जायचंही नव्हतं. फार दमल्यासारखं झालं, जणू इतके महिने आम्ही तिघं एकच जड वस्तू तीन वेगळ्या बाजूंना ओढत होतो.

त्या दिवशी दुपारी बाबा आणि मी बाजारात गेलो. त्यांनी दुकानदाराला पहिला प्रश्न गीझरचा विचारलाच नाही. "दवाखान्यात डॉक्टर कोपरानं उघडतात तसला नळ आहे का तुमच्याकडे?" असं विचारलं. लांब दांडीचे नळ होते. ते त्यांनी स्वतःची मूठ मिटून, मनगटानं वर-खाली करून पाहिले. दुकानातले लोक पाहत होते. मला एरवी लाज वाटली असती. मी आधीच दुकानांत अंग चोरून उभी असते. त्यानंतर पाण्याचा फवारा, भिंतीवर अडकवता येईल असा, म्हणजे तांब्या लागायला नको. आणि मग गीझर, विजेचा, लहान.

दुकानदार म्हणाला, "तुमच्या भागात खारं पाणी येते. लवकरच कॉइल जाईन, आधीच सांगून ठेवतो."

बाबांनी पैसे मोजून दिले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "गोडं पाणी देऊ गीझरला."

अकोल्यात गोड्या पाण्यानं आंघोळ म्हणजे लोक नावं ठेवतील अशी गोष्ट. नळ येतो त्या दिवशी गल्लीत सगळ्यांची धांदल असते, हंडे, ड्रम, टाकं, जे हाताला लागेल ते भरून घेतात, आणि ते पुढचा नळ येईपर्यंत पुरवतात. बाबांनी गच्चीवर सोलरच्या शेजारी एक लहान टाकी ठेवली, फक्त आईच्या गीझरसाठी. नळ आला की ते आधी ती टाकी भरतात, मग बाकीचं. आत्यानं पाहिलं तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "राणीचं टाकं हाय काय हे?" बाबा म्हणाले, "हो."

गीझर बसला. पहाटे आई उठायच्या आधी बाबा उठून बटण दाबून ठेवतात. सोलर काढलं नाही. बाबा स्वतः त्याच्याच पाण्यानं आंघोळ करतात. आता गरम असतं का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मला चालतं." आईला आता पातेलं उचलावं लागत नव्हतं. मनगटानं दांडी ढकलायची, फवाऱ्याखाली हात धरायचे, बोटं सुटेपर्यंत थांबायचं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. शनिवारी मी पोचले की तिचे केस विंचरलेले, साडीची पिन जागेवर. मला वाटलं, झालं. हे एक तरी झालं.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. बाबा बाहेर पेपर वाचत होते, मी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. न्हाणीतलं पाणी सुरू झालं, थांबलं, सुरू झालं, परत थांबलं. मग बराच वेळ काहीच आवाज नाही.

"इकडे ये जरा," आईनं आतून हाक मारली.

मला वाटलं नळ बिघडला. मी दाराशी जाऊन विचारलं, "गरम येत नाही का?"

"पाणी ठीक हाय. तू आत ये."

परकर छातीवर बांधून ती लहान स्टुलावर बसली होती, पाठ दाराकडे. केस अर्धे ओले होते. तिनं वळून पाहिलं नाही.

"हात वर जाऊन नाई राहिला," ती म्हणाली. "खांदा धरला. डोक्यापर्यंत पोचत नाई."

"आज धरला?"

"पोळ्यापासून असंच हाय."

"मग आजवर कसे धुतले केस?"

"वाकून. आता वाकलं की चक्कर येते."

मी उभीच होते. पदर नसलेली तिची पाठ मी कळत्या वयापासून पाहिली नव्हती. ती माझ्या मनात होती त्यापेक्षा लहान होती, आणि खांद्याच्या हाडाजवळ एक काळा तीळ होता, तो मला माहीत नव्हता. ती आत्याशी काय बोलली होती ते मला आठवलं. तिलाही आठवत असणार. मी काही म्हटलं असतं तर तिनं मला परत बाहेर पाठवलं असतं, असं वाटलं. म्हणून मी ओढणी काढून खुंटीला अडकवली, बाह्या वर केल्या, थंडी येते म्हणून दार लावून घेतलं आणि फवारा हातात घेतला.

"डोळे मिट," मी म्हणाले.

"कानात जाऊ देऊ नको."

मला नीट जमत नव्हतं. शाम्पू जास्त ओतला गेला, पाणी माझ्याच पायांवर आणि भिंतीवर उडत होतं. तिचे केस आता इतके विरळ झाले आहेत की डोक्याची कातडी बोटांना लगेच लागते. मी जोर न लावता चोळत होते, तर ती म्हणाली, "जरा दाबून घास. एवढं काय भिते?" मी दाबून घासलं. तिची मान हळूहळू मागे, माझ्या हातावर आली.

"मेथी निवडायची राहिली," डोळे मिटूनच ती म्हणाली.

"मी निवडते नंतर."

"तुले देठं कळत नाई. सगळी घेतेस."

"बरं."

मानेमागचा फेस धुवून झाला होता, पण मी पाणी तसंच सोडत राहिले, आणि तिनं बंद कर म्हटलं नाही. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"कोण आहे आत?" बाबा म्हणाले. "इतका वेळ?"

"आमी दोघी आहोत," आई म्हणाली. "वेळ लागन. तुमी मेथी निवडायले घ्या तोवर."